प्रवासी मोटारगाडीतील विद्युत स्विचांची स्थाने व त्यांमागील तर्क

प्रस्तावना

मोटारगाडी चालविण्यास शिकणे म्हणजे स्टिअरिंग, क्लच, ब्रेक आणि गिअर यांवर ताबा मिळविणे, असा सर्वसाधारण समज आहे. ड्रायव्हिंग स्कूलमधील प्रशिक्षणही प्रायः याच चार गोष्टींभोवती फिरते. विद्युत स्विचांची ओळख मात्र ‘हा हॉर्न, हे इंडिकेटर, हा वायपर’ एवढ्यावर आटोपते. परिणामी गाडी पाच-सहा वर्षे वापरूनही तिच्यातील दोन-तीन स्विच कशासाठी आहेत हे ठाऊक नसलेले वाहनधारक सुशिक्षित वर्गातही पुष्कळ आढळतात. गाडीबरोबर आलेली पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीसह कप्प्यात तशीच पडून असते. जुनी गाडी घेतलेली असेल तर तीही नसते.

वणी परिसरात हे अज्ञान केवळ गैरसोयीचे राहत नाही. वणीच्या भोवती उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली अशा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. येथील रस्त्यांवर लहान मोटारीच्या मागे-पुढे कोळशाचे अवजड ट्रक असणे ही नित्याची बाब आहे. उन्हाळ्यात कोळशाची बारीक भुकटी आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीच्या सांध्यासांध्यांत शिरतो. अशा रस्त्यावर संध्याकाळी गाडी बंद पडली आणि धोक्याचे दिवे लावण्याचे बटण चालकास अंधारात सापडले नाही, किंवा ब्रेक दाबूनही मागचा तांबडा दिवा लागला नाही, तर मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या चालकाला सावध होण्यास अवधी मिळत नाही.

गाडीतील स्विचांची संख्या मोठी असली तरी त्यांची मांडणी स्वैर नाही. प्रत्येक स्विचाबाबत ‘हा स्विच कोण दाबतो, आणि केव्हा?’ हा एकच प्रश्न विचारला असता त्याचे स्थान बहुधा आपोआप उलगडते. काही स्विच चालकाचा हात दाबतो. त्यांतील काही रस्त्यावरची नजर न हटविता, काही एक ओझरती नजर टाकून. उरलेले स्विच मात्र चालक कधी पाहतच नाही. ते गाडीचेच अवयव दाबतात. दार, पेडल, गिअरपेटी, हँडब्रेक आणि इंजिनातील तेलसुद्धा हे काम करते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे स्विचांच्या स्थानांचे विवेचन केले आहे.

हाताखालचे स्विच

धावत्या गाडीत ज्यांची गरज क्षणोक्षणी पडते ते स्विच स्टिअरिंगपासून बोटे फार दूर न नेता सापडले पाहिजेत. म्हणून हॉर्न स्टिअरिंगच्या मध्यभागी, तर इंडिकेटर, अप्पर-डिपर व वायपर यांचे दांडे स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंस असतात. या दांड्यांच्या जोडणीस गॅरेजच्या भाषेत ‘कॉम्बिनेशन स्विच’ म्हणतात. हाताने चालवावयाच्या नियंत्रणांच्या जागांविषयी आयएसओ ४०४० आणि त्यांवरील चिन्हांविषयी आयएसओ २५७५ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी १२१ क्रमांकाचा नियम तर सीटबेल्ट लावून बसलेल्या चालकाला ही नियंत्रणे वापरता आली पाहिजेत, अशी अट घालतो. सीटबेल्ट सैल करून, पुढे झुकून जो स्विच गाठावा लागतो तो चुकीच्या जागी आहे असे यावरून समजण्यास हरकत नाही.

मांडणी नेहमी अशी नव्हती. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरच्या जुन्या आवृत्त्यांत आणि जुन्या जीपमध्ये डिपरचा स्विच जमिनीवर, क्लचच्या शेजारी असे आणि तो डाव्या पायाने दाबावा लागे. आजच्या तरुण चालकास हे विचित्र वाटेल. परंतु त्या काळचे स्टिअरिंग जड, दोन्ही हात त्यात गुंतलेले, आणि वळताना उजवा हात खिडकीबाहेर काढून इशारा देण्याची रीत. अशा स्थितीत मोकळा अवयव म्हणजे डावा पायच. बुटांबरोबर येणारे पाणी व चिखल यांमुळे हा स्विच वारंवार गंजे, ही त्याची मोठी उणीव होती. पुढे डिपर पायाकडून बोटांकडे आला आणि तेथेच स्थिरावला.

दांड्यांच्या बाबतीत मात्र एक घोळ अद्याप शिल्लक आहे. जपानी व कोरियन घराण्यांतील गाड्यांत, म्हणजे मारुती सुझुकी, होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांत, भारतात इंडिकेटरचा दांडा उजवीकडे व वायपरचा डावीकडे असतो. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या युरोपीय घराण्यांतील गाड्यांत नेमके उलट. याचे मूळ रस्त्याच्या बाजूत आहे. जपानमध्ये भारताप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात व चालक उजवीकडे बसतो. त्याचा डावा हात गिअरवर जातो, म्हणून इंडिकेटर उजव्या हाताकडे. युरोप खंडात चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताने बदलतो, म्हणून इंडिकेटर डाव्या हाताकडे. दोन्ही ठिकाणी तर्क एकच : गिअरचा हात आणि इशाऱ्याचा हात वेगळे असावेत. परंतु युरोपीय कंपन्यांनी भारतासारख्या देशासाठी स्टिअरिंग उजवीकडे नेले, तेव्हा दांड्यांची जोडणी खर्चाच्या दृष्टीने आहे तशीच ठेवली. त्यामुळे गिअर आणि इंडिकेटर ही दोन्ही कामे एकट्या डाव्या हातावर आली.

या फरकाचा उपद्रव एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जाणाऱ्यास होतो. अनेक वर्षे मारुती चालविलेला चालक सहकाऱ्याची स्कोडा घेऊन निघाला की पहिल्या वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतो. प्रसंग हसण्यावारी नेला जातो. परंतु त्याच क्षणी मागच्या दुचाकीस्वाराला वळणाचा इशारा मिळालेला नसतो, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हेडलाइटच्या स्विचाचेही असेच आहे. जपानी-कोरियन गाड्यांत तो इंडिकेटरच्या दांड्याच्या टोकाला फिरवावयाचा असतो, तर फोक्सवॅगन व स्कोडा गाड्यांत डॅशबोर्डवर चालकाच्या दाराच्या बाजूस गोल खुंटीच्या रूपात असतो. अनोळखी गाडी हाती आली असता ती सुरू करून लगेच निघण्यापूर्वी अर्धा मिनिट या दोन गोष्टी तपासून घेण्याइतका वेळ प्रत्येकाकडे असतो.

नजरेच्या टप्प्यातले स्विच

दुसऱ्या वर्गात क्वचित लागणारे, पण लागतील तेव्हा चटकन सापडावयास हवेत असे स्विच येतात. यांत अग्रस्थान धोक्याच्या दिव्यांच्या स्विचाचे. तांबडा दुहेरी त्रिकोण हे त्याचे चिन्ह. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या मध्यभागी असतो. काही जुन्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खांबावर आढळतो. मध्यभागी असण्याचे कारण उघड आहे. चालक जखमी किंवा गोंधळलेला असेल तर शेजारी बसलेल्या व्यक्तीचाही हात तेथे पोहोचतो. साधे इंडिकेटर चावी फिरविल्यावरच चालतात. हा स्विच मात्र चावी काढून घेतल्यावरही चालतो, कारण त्यास बॅटरीकडून स्वतंत्र पुरवठा असतो.

या स्विचाच्या उपयोगाविषयीचा गैरसमज व्यापक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०२ वा नियम चारही इंडिकेटर एकाच वेळी लुकलुकण्याची सोय गाडीत असावी असे सांगतो, ते गाडी निश्चल झालेल्या अवस्थेसाठी. प्रत्यक्षात चौकातून सरळ जावयाचे असेल, पाऊस जोराचा असेल किंवा लग्नाच्या वरातीत गाड्यांची रांग निघाली असेल, तर चालत्या गाडीत हे दिवे लावलेले दिसतात. असे केल्याने गाडी उभी आहे की चालू, हे मागच्यास कळत नाही. शिवाय चारही दिवे लुकलुकत असताना वळणाचा इशारा देण्याचे साधनच उरत नाही.

याच वर्गातील एक दुर्लक्षित स्विच चालकाच्या उजव्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खालच्या पट्टीवर असतो. त्यावर दिव्याचे चिन्ह आणि ० ते ३ वा ४ असे आकडे असतात. हेडलाइटच्या झोताची उंची ठरविणारा हा स्विच होय. मागे तिघे बसले आणि डिकी सामानाने भरली की गाडीचे नाक वर उचलले जाते. अशा वेळी डिपरवरचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. आकडा वाढविला की झोत खाली येतो. हा स्विच स्टिअरिंगच्या आडोशास येत असल्याने तो आहे हेच अनेकांस ठाऊक नसते. लग्नसराईत भरलेली गाडी घेऊन रात्री परतणाऱ्या चालकास समोरच्या ट्रकवाल्याने वारंवार अप्पर मारून का दटावले, याचा उलगडा पुष्कळदा या लहानशा चाकात असतो.

खिडक्यांच्या काचांचे स्विच आज बहुधा दारावर असतात. २००२ मध्ये आलेल्या महिंद्र स्कॉर्पिओच्या पहिल्या पिढीत ते दोन आसनांच्या मधोमध होते. स्विच मध्यभागी ठेवला की डावीकडे वा उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या दोन्ही आवृत्त्यांत तोच भाग चालतो आणि सतत उघडझाप होणाऱ्या दाराच्या बिजागरीतून न्यावयाच्या वायरींची संख्याही कमी होते. गैरसोय अशी की काच उजवीकडची आणि हात डावीकडे. चालकाच्या दारावर आणखी एक बटण असते, ज्याने इतरांच्या काचा बंदिस्त करता येतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते उपयुक्त. पण पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाडी अडकली, तर मागे बसलेल्यांना काच खाली घेता यावी म्हणून ते प्रथम मोकळे करावे लागते. पाणी दारापर्यंत येताच, वीजपुरवठा शाबूत आहे तोवर काचा उघडणे हितावह. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांत मध्यवर्ती कुलपाची यंत्रणा वीज नसतानाही हाताने उघडता येण्याची सोय बंधनकारक झाली. ही सोय आपल्या गाडीत नेमकी कोठे आहे, हे दिवसाउजेडी पाहून ठेवणे श्रेयस्कर.

अलीकडे स्विचांची ही सारी भूगोलविद्याच धोक्यात आली आहे. वातानुकूलन, पंख्याचा वेग, इतकेच काय काही गाड्यांत वायपरचा वेगही स्पर्शपडद्यात गेला. पडद्यावर बोटांना उंचवटा लागत नाही. तेथे नजर न्यावीच लागते. ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मोटार नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. ठरावीक चार कामे करण्यास २००५ सालच्या, साध्या बटणांच्या व्होल्वोत १० सेकंद लागले व तेवढ्यात गाडीने ३०६ मीटर अंतर कापले. सर्वांत मंद ठरलेल्या पडद्याच्या गाडीत ४४.९ सेकंद लागले व अंतर १,३७२ मीटर झाले. युरोपातील युरो एनकॅप या सुरक्षा-मूल्यांकन संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर व आपत्कालीन संपर्क यांसाठी हाताला लागणारी स्वतंत्र नियंत्रणे असल्यास गुण देण्याचे ठरविले, ते याच पार्श्वभूमीवर.

दाबतो एक, जोडतो दुसरा

हाताने दाबला जाणारा स्विच हाच प्रवाह जोडतो असे नाही. ६० वॅटचे दोन अप्परचे दिवे १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. एवढा प्रवाह दांड्यातील नाजूक तुकड्यांतून नेला तर ते जळून काळे पडतात. म्हणून अनेक गाड्यांत दांडा केवळ अल्प प्रवाह सोडतो. त्याने बॉनेटखालच्या पेटीतील रिले चुंबकाप्रमाणे खेचला जातो आणि मोठा प्रवाह रिले जोडतो. स्टार्टरबाबत हे अधिकच स्पष्ट दिसते. त्यास शंभर अँपिअरहूनही अधिक प्रवाह लागतो. त्याचा खरा स्विच स्टार्टरच्या पाठीवरच बसविलेला असतो आणि चावी त्यास फक्त निरोप देते. हेडलाइट लागेनासे झाले की दांडाच बदलण्याची घाई केली जाते. दोष पुष्कळदा शंभर-दीडशे रुपयांच्या रिलेमध्ये वा फ्यूजमध्ये असतो. फ्यूजची एक पेटी बॉनेटखाली बॅटरीजवळ व दुसरी बहुधा डॅशबोर्डच्या खाली असते. झाकणाच्या आतील बाजूस कोणता फ्यूज कशाचा याचा तक्ता छापलेला असतो. स्टिअरिंगच्या मध्यभागातील हॉर्नचा स्विच मात्र घरी उघडण्याच्या फंदात पडू नये. तेथे एअरबॅग असते व तिचे पिवळे जोड छेडणे धोक्याचे असते.

न दिसणारे स्विच

तिसऱ्या वर्गातील स्विच चालकाला दिसत नाहीत, त्यांचे नावही त्यास बहुधा ठाऊक नसते. यांतील सर्वांत महत्त्वाचा तो ब्रेकच्या दिव्याचा. ब्रेकच्या पेडलाच्या दांडीवर, डॅशबोर्डच्या खाली मान घालून पाहिल्यास बोटाच्या पेराएवढी एक खुंटी दिसते. पेडल वर असताना दांडी ही खुंटी दाबून धरते; पेडल खाली जाताच खुंटी बाहेर येते व मागील दिवे लागतात. ही खुंटी घासली, तिची बैठक सरकली किंवा आत धूळ गेली, तर ब्रेक उत्तम लागतो. दिवा मात्र लागत नाही. चालकाच्या बाजूने काहीच बिघडलेले नसते. बिघाड कळतो तो मागच्याला, आणि कोळशाने भरलेला ट्रक मागे असताना त्याला तो कळण्याची वेळ बरी नव्हे. उलट खुंटी अडकून राहिली तर दिवे सतत जळत राहतात व मागचा चालक त्यांकडे लक्ष देणेच सोडतो. बटणाने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत ब्रेक दाबल्याची खूण याच स्विचाकडून मिळते. ती न मिळाल्यास बॅटरी धडधाकट असूनही इंजिन सुरू होत नाही.

हा स्विच तपासण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे. भिंतीवर तांबडा उजेड उमटला पाहिजे, आणि पेडल सोडताच तो विझला पाहिजे. महाविद्यालयाच्या वाहनतळाच्या भिंतीजवळ हे काम घरी निघता-निघता होऊ शकते. त्याच वेळी रिव्हर्स गिअर टाकून पांढरा दिवाही पाहून घ्यावा. त्याचा स्विच गिअरपेटीच्या कवचात बसविलेला असतो आणि गाडीच्या खालून उडणारा चिखल प्रथम त्याच्या जोडापर्यंत पोहोचतो.

दाराचा स्विच याहून साधा. चौकटीच्या खांबावर रबरी टोपणातली एक खुंटी असते. दार मिटले की ती आत दाबली जाते व आतील दिवा विझतो. तिला बहुधा एकच वायर असते, कारण गाडीचा लोखंडी सांगाडाच बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असून परतीच्या वायरीचे काम तो करतो. वीजतंत्राशी संबंध नसलेल्या वाचकासही यावरून एक गोष्ट ध्यानात येईल : गंजामुळे सांगाड्याशी असलेला संबंध तुटला तर स्विच नवा घालूनही दिवा लागणार नाही. याउलट कोळशाच्या भुकटीने खुंटी आत अडकली तर दिवा उघड्या दारातही लागत नाही, आणि टोपण फाटून ती पुरती दाबली गेली नाही तर दार बंद असूनही तो जळत राहतो. १० वॅटचा हा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह घेतो. ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी त्याने साधारण ४२ तासांत रिकामी होते. शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी हूं की चूं करीत नाही, तेव्हा बॅटरीवाल्याकडे धाव घेण्यापूर्वी हा दिवा आठवावा. विसरलेले हेडलाइट मात्र इतकी मुदत देत नाहीत. सकाळच्या सत्रातील चार तासिका त्यांस पुरतात. हल्ली अनेक गाड्यांत ही खुंटी जाऊन दाराच्या कुलपातच स्विच सामावलेला असतो. तेथे खांबावर शोधाशोध करणे व्यर्थ.

इंजिनाच्या अंगावर, बहुधा तेलाच्या फिल्टरजवळ, ऑइलच्या दाबाचा स्विच असतो. इंजिन बंद असताना तो जोडलेला असतो. तेलाचा दाब वाढताच तो तुटतो. म्हणूनच चावी फिरविल्यावर तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा लागतो व इंजिन सुरू होताच विझतो. चावी फिरविल्यावर तो लागलाच नाही तर स्विच वा वायर नादुरुस्त आहे, आणि चालत्या गाडीत तो लागला तर इंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक आहे. हा दिवा तेलाची पातळी दाखवितो असे मानणे चूक. तो दाब दाखवितो, आणि पातळी धोकादायकरीत्या खाली गेल्याशिवाय तो बहुधा बोलत नाही.

शेवटी एका अशा स्विचाचा उल्लेख करावयास हवा, जो दाबण्यासाठी धक्काच लागतो. फोर्ड व फियाट घराण्यांच्या काही गाड्यांत अपघाताच्या वेळी इंधनाचा पंप बंद करणारा स्विच असतो. त्यात धक्क्याने जागेवरून सुटणारा एक भार असतो. तो सुटला की पंपाचा पुरवठा तुटतो व गाडी उलटली तरी पेट्रोल वाहत राहत नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले असले, तरी तिच्या जुन्या गाड्या रस्त्यांवर आहेत. मोठ्या खड्ड्यात चाक जोराने आदळले तरीही हा स्विच क्वचित सुटतो. मग स्टार्टर फिरतो, बॅटरी चांगली असते, टाकीत पेट्रोल असते, पण गाडी सुरू होत नाही. हा स्विच बहुधा पायांजवळ, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूच्या आवरणामागे असतो. नेमकी जागा पुस्तिकेत दिलेली असते. त्याच्या माथ्यावरचे बटण दाबले की तो पूर्ववत होतो. ते दाबण्यापूर्वी मात्र गाडीखाली वाकून पाहावे, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर त्या बटणास हात न लावता सर्वांनी खाली उतरून दूर जावे.